जुनं टोरांटो दाखवायचं तर जेरार्ड की केन्सिंग्टन?

दर उन्हाळ्यात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे काही वर्षं काढून भारतात परतलेली, नाहीतर सीमेपलीकडे अमेरिकेत गेलेली आपली मंडळी आता मुलांकडे किंवा कुणाच्या लग्नाला म्हणून येतात. सीएन टॉवर त्यांना बघायचा नसतो. १९७६ साली तो उघडला तेव्हाच रांगेत उभं राहून बघून झालेला असतो. नायगाराचं नाव काढलं तर हात जोडतात. म्हणणं एकच: "आपलं जुनं टोरांटो दाखव." आणि त्यासाठी हाताशी असते जेमतेम एक दुपार, कारण संध्याकाळी ब्रॅम्प्टनला, म्हणजे उपनगरात, कुणाकडे तरी जेवायला पोचायचं असतं.

तेवढ्या वेळात काय दाखवावं? माझ्या मते पर्याय दोनच उरलेत: पूर्वेला जेरार्ड स्ट्रीटवरचा इंडिया बझार आणि पश्चिमेला केन्सिंग्टन मार्केट. दोन्हीकडे मी पाहुण्यांना घेऊन गेलोय, आणि आता कुणी विचारलं तर एकाच ठिकाणी नेतो. का, ते सांगतो. तुमचं मत वेगळं पडलं तर भांडण नाही.

आधी बाकीची नावं का गाळली ते. ईटन्स हे मोठं डिपार्टमेंट स्टोअर १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेलं, तसलंच सिम्प्सन्स त्याच्याही आधी बंद झालं. ईटन सेंटर आहे, पण मॉल बघायला कुणी इतक्या लांबून येत नाही. यंग स्ट्रीटवरचं सॅमचं रेकॉर्डचं दुकान २००७ मध्ये बंद झालं. त्याच्या निऑनच्या तबकड्या आता पूर्वीच्या डंडास चौकाजवळ (हल्लीचा सँकोफा स्क्वेअर) एका इमारतीच्या माथ्यावर बसवल्यात, त्या खालून मान वर करून बघायच्या. ऑनेस्ट एड्स या स्वस्त मालाच्या दुकानाने ३१ डिसेंबर २०१६ ला दार लावलं. आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांतली पहिली पातेली, पहिला टोस्टर, पहिले हातमोजे तिथलेच. सायन्स सेंटर २०२४ च्या जूनमध्ये अचानक बंद केलं. मेपल लीफ गार्डन्स या जुन्या हॉकी स्टेडियमची इमारत उभी आहे, पण आत किराणा-भाजीचं भलंमोठं दुकान. हॉकीच्या मैदानाचा मध्य जिथे होता तिथे फरशीवर एक लाल ठिपका काढून ठेवलाय. पाहुणा हॉकीवेडा असेल तर पाच मिनिटं थांबा, नसेल तर पुढे चला.

राहिले दोन बाजार, आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच स्ट्रीटकारवर, म्हणजे ट्रामवर, येतात, ५०६ कार्लटनवर. आमच्या वेळी तिला नंबर नव्हता, नुसती 'कार्लटन' म्हणायचे. ५०६ हा आकडा १९८० मध्ये आला. सेंट जेम्स टाउनमध्ये जे राहिलेत त्यांना हे सांगायला नको. शेरबर्न आणि पार्लमेंट यांच्यामधले ते उंच टॉवर म्हणजे नव्याने उतरलेल्यांचा हमखास पहिला मुक्काम. तिथे जागा नाही मिळाली तर थॉर्नक्लिफ पार्क. शनिवारी पार्लमेंटवरून खाली चालत यायचं आणि कार्लटनच्या कोपऱ्यावर ठरवायचं: भाजी हवी असेल तर पश्चिमेकडची गाडी, सिनेमा असेल तर पूर्वेकडची. आठवडाभराचं सगळं सुख त्या एका रुळावर होतं. रविवारचा प्रश्नच नव्हता. रविवारी दुकानं उघडी ठेवायची मोकळीक ऑन्टारिओत १९९२ मध्ये मिळाली. तोवर रविवारचं डाउनटाउन म्हणजे शुकशुकाट.

आता केन्सिंग्टन. दिसण्यावर ठरवायचं असेल तर हा सामना इथेच संपतो, हे मी आधीच कबूल करतो. ऑगस्टा, बाल्डविन, नासाऊ या गल्ल्यांमधली ती अरुंद, जुनी घरं आणि त्यांच्या पुढ्यात काढलेली दुकानं अजून तशीच आहेत. १९२० च्या दशकात हा ज्यू लोकांचा बाजार होता, मग पोर्तुगीज आले, कॅरिबियन आले, चिनी आले. प्रत्येकाने आधीच्याचं थोडं ठेवलं आणि वर आपलं चढवलं. सत्तरच्या दशकात सीबीसी या सरकारी वाहिनीवर याच बाजारातल्या एका दुकानदाराची विनोदी मालिका गाजली होती. तिच्या नायकाचा, अल वॅक्समनचा पुतळा बेलव्ह्यू स्क्वेअरच्या बागेत आहे. २००६ मध्ये सगळ्या बाजाराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. शहरात घुसणारा स्पडायना एक्सप्रेसवे हा महामार्ग १९७१ मध्ये रद्द झाला नसता तर शहराचा हा जुना तोंडवळा कितपत टिकला असता, शंकाच आहे.

आपल्या लोकांसाठी मात्र केन्सिंग्टन म्हणजे भाजी. त्या काळी मोठ्या दुकानांत पार्सली मिळायची आणि नवखा माणूस ती कोथिंबीर समजून घरी आणायचा. खरी कोथिंबीर पोर्तुगीजांकडे. आलं, ओली मिरची, नारळ, क्वचित कैरी वेस्ट इंडियन दुकानांत. नारळ हलवून, कानाशी धरून घेणारा माणूस तिथे परका वाटत नसे, कारण त्रिनिदादची बाईही तसाच हलवून घ्यायची. आणि खारवलेला कॉड मासा! दुकानाच्या दारात पुठ्ठ्यासारखे कडक तुकडे रचून ठेवलेले असत. शाकाहारी मंडळी नाक दाबून पलीकडच्या फुटपाथने जायची; आमच्यातला मालवणकडचा एक गृहस्थ तिथे उगाचच रेंगाळायचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पिंजऱ्यात जिवंत कोंबड्याही मिळायच्या.

यातलं बरंच गेलंय. मासळी, चीज, फळं यांची दुकानं अजून आहेत. जुने कपडे विकणारी आहेत, टाको आणि एम्पानाडावाले आहेत. २०१८ मध्ये गांजा कायदेशीर झाल्यापासून त्याचीही दुकानं आहेत आणि हवेत तोच वास. त्याबद्दल माझी तक्रार नाही, केन्सिंग्टनला कसला ना कसला उग्र वास कायमच होता. पाहुणे पहिली दहा मिनिटं हरखून जातात. "अरे, हे तस्सं आहे!" फोटो निघतात. आणि मग बसायला जागा शोधायची वेळ येते.

माझं मत जिथे फिरलं ती गोष्ट अगदी क्षुल्लक आहे, पण सत्तरी गाठलेल्यांना ती क्षुल्लक वाटणार नाही. ती म्हणजे तळघरातलं वॉशरूम.

जुन्या टोरांटोतल्या अरुंद इमारतींत वर जागा नसते, म्हणून वॉशरूम खाली. तुम्हाला हे माहीत असेल, पण तिशीत ते लक्षातही येत नाही. माझा एक मित्र, इथून गेला त्याला चार दशकं होतील, आता पुण्यात असतो. दोन्ही गुडघे बदललेले. त्याला आणि वहिनींना घेऊन मी केन्सिंग्टनला गेलो होतो. तासभर हिंडलो, एका कॅफेत मोठ्या मिनतवारीने टेबल मिळालं, कॉफी आली आणि याने विचारलं, "वॉशरूम कुठाय रे?" काउंटरवरच्या मुलीने हसून मागच्या दाराकडे बोट दाखवलं. दारामागे शिडीसारखा उभा जिना. पायरी एवढी अरुंद की बूट आडवा ठेवावा लागतो. एकाच बाजूला कठडा, तोही अर्ध्यात संपलेला. छत इतकं खाली की उंच माणसाने वाकावं. वाकणाऱ्यांसाठी तिथे कुणी तरी फोमचा तुकडा चिकटवून ठेवला होता. खाली एक मिणमिणता दिवा, बटाट्याची पोती आणि त्यांच्या मधून वाट. तो आडवा होऊन, भिंतीला पंजा लावून एकेक पायरी उतरला. मी मागे. वर येताना दोनदा थांबला. टेबलाशी परत आलो तर शेजारी दोन तरुण मुलं कप हातात धरून, आम्ही कधी उठतो याची वाट बघत उभी. नम्रपणे, अगदी कॅनेडियन नम्रपणे. पण उभी.

त्याने अर्धी कॉफी ठेवली आणि म्हणाला, "चल, निघू या." त्यानंतर ब्रॅम्प्टन येईपर्यंत गुडघ्यांवरच बोलणं झालं.

एका कॅफेवरून अख्ख्या बाजाराला नापास करणं योग्य नाही, मान्य. पण नंतर इतर पाहुण्यांबरोबर गेलो तेव्हाही कमीजास्त हाच अनुभव. कुठे जिना बरा, कुठे वॉशरूमच नाही. केन्सिंग्टन हे उभ्याने, चालत, हातात काही तरी खात अनुभवायचं ठिकाण आहे, आणि तेव्हाही तसंच होतं. फरक आपल्यात पडलाय. आठवणी निघायच्या तर माणूस आधी निवांत टेकायला हवा. उठायची घाई नको, खाली जायची धास्ती नको.

आता जेरार्ड. दिसायला म्हणाल तर आनंदच आहे. ग्रीनवुड आणि कॉक्सवेल यांच्यामधला तो पट्टा, दुमजली विटांच्या बुटक्या इमारती, डोक्यावर स्ट्रीटकारच्या तारा. पूर्वी साड्यांची, कॅसेटची, मिठाईची दुकानं एकाला एक लागून होती. आता मधेमधे फ्लॅट व्हाइटवाले कॅफे आलेत, काही शटरं कायमची खाली आहेत. आपल्या लोकांची गरज ब्रॅम्प्टन-मिसिसागाने कधीच भागवली. मसाल्यासाठी कुणी आता शहर ओलांडून येत नाही. पाहुण्याला पहिल्या नजरेत थोडं ओशाळंच वाटतं, "एवढंच राहिलं?" म्हणतो. केन्सिंग्टनला असं कुणी म्हणत नाही.

तरीही तिथे नेतो, कारण सुरुवात इथूनच झाली. १९७२ मध्ये ग्यान नाझ यांनी ईस्टवुड नावाचं जुनं थिएटर हाती घेतलं आणि तिथे हिंदी-उर्दू सिनेमे लावायला सुरुवात केली. नाझ थिएटर. व्हिडिओ कॅसेट अजून यायच्या होत्या. हिंदी सिनेमा बघायचा तर इथेच. गावोगावहून गाड्या भरून लोक यायचे, सीमेपलीकडूनसुद्धा. सिनेमाला आलेल्या माणसाला भूक लागते, पान लागतं, परत जाताना डाळ-तांदूळही हवे असतात. थिएटरच्या आजूबाजूला दुकानं उगवत गेली आणि बाजार झाला. कुठल्या नगरपालिकेने आखलेला हा बाजार नव्हे. पुढे व्हीसीआर घरोघरी आला आणि थिएटरचा धंदा बसला. बाजार मात्र राहिला.

नाझमध्ये सिनेमा किती जण बघत होते कोण जाणे. निम्मं थिएटर मध्यंतराची वाट बघत असायचं. थंडीत सगळ्यांच्या मांडीवर कोटांचे ढीग, पायाखाली बुटांवरच्या बर्फाचं पाणी, त्यातून पळणारी पोरं. मध्यंतरात समोशाच्या रांगेत उभं असताना मागून "अगं, याला धर जरा" असं ऐकू आलं की गर्रकन वळायचं. तुम्ही कुठले, आम्ही सातारचे, राहता कुठे, या की रविवारी. आमच्या निम्म्या ओळखी मंडळाच्या कार्यक्रमांतल्या. उरलेल्या त्या रांगेतल्या.

जुने दिवस गोड होते म्हणणाऱ्यांना मी एक आठवण करून देतो. त्याच वर्षांत रस्त्यात, सबवेत आपल्याला 'पाकी' म्हणून हाका मारल्या जायच्या, मग तुम्ही लाहोरचे असा की लातूरचे. प्रकरणं हाणामारीपर्यंत गेली होती. इतकी, की १९७७ मध्ये वॉल्टर पिटमन यांचा त्यावरचा अहवाल आला. मेट्रो टोरांटोनेच, म्हणजे इथल्या महानगर प्रशासनानेच तो करवून घेतला होता. रात्रीच्या गाडीत बायकोशी मराठीत बोलताना आवाज आपोआप खाली यायचा. जेरार्डला उतरलं की तो पुन्हा वर जायचा. केन्सिंग्टनमध्ये कुणी त्रास दिल्याचं मला आठवत नाही, तिथे तर सगळेच बाहेरचे. पण तिथे आपण गिऱ्हाईक होतो. जेरार्डला आपण आपल्यात होतो. या दोहोंतला फरक ज्यांनी ते दिवस काढले नाहीत त्यांना समजावता येत नाही. ज्यांनी काढलेत त्यांना सांगावा लागत नाही.

आणि तिथे बसता येतं. चहा आणि भजी मागवा, कुणी उठवत नाही. मालक दुसरा कप न विचारता आणतो आणि तुम्ही कुठून आलात, कधी होतात इथे, म्हणून स्वतःच खुर्ची ओढतो. वॉशरूम सगळीकडे वर आहे असा दावा मी करणार नाही; मी जिथे नेतो तिथे आहे, आणि दोन-तीन ठिकाणं बघून मगच ती जागा पक्की केली. नाझच्या जागेला लागूनच जेरार्ड-ॲशडेल ग्रंथालय आहे. ऊन जास्त असेल तर तिथेही टेकता येतं.

माझी मोजपट्टी एकच, माणूस किती बोलतो. केन्सिंग्टनला पाहुणे फोटो जास्त काढतात. जेरार्डला बोलतात. तोच पुण्याचा मित्र पुढच्या खेपेला आला तेव्हा त्याला मी जेरार्डला नेलं. पहिला चहा होईपर्यंत गप्प होता. मग एकदम म्हणाला, "पार्लमेंटवर बर्फात गाडी बंद पडली होती, आठवतंय? आपण चालत आलो होतो पिक्चरला." मला आठवत नव्हतं. वहिनींना होतं, आणि पिक्चर अर्धा निघून गेला होता हेही. तिथून जे सुरू झालं ते ब्रॅम्प्टनच्या यजमानांचा फोन येईपर्यंत. जेवायला उशीर झाला, बोलणी मी खाल्ली.

आमच्या घरात मात्र यावर एकमत नाही. बायको केन्सिंग्टनवाली आहे. तिचं म्हणणं, जेरार्डला जाऊन तुम्ही पुरुष फक्त नाझच्या गप्पा मारता. आठवडाभर घर चालवायला लागायचं ते केन्सिंग्टनमधून यायचं, आणि पिशव्या कोण उचलायचं ते विचारा. यात तथ्य आहे. तिच्या मैत्रिणी आल्या की ती त्यांना तिकडेच नेते, आणि त्या खूश होऊन येतात. जिन्याचं विचारलं तर म्हणते, "घरून जाऊन निघायचं." माझ्या मित्रांना हे जमत नाही.

तेव्हा पाहुणा हिंडता-फिरता असेल, गुडघे शाबूत असतील आणि त्याला शहर बघायचं असेल, तर केन्सिंग्टन बिनघोर निवडा. फक्त मे ते ऑक्टोबरमधला महिन्याचा शेवटचा रविवार टाळा. त्या दिवशी रस्ते वाहनांना बंद असतात, ढोल-ताशे वाजत असतात आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सोबत नातवंडं असतील तरीही केन्सिंग्टनच. जेरार्डला ती अर्ध्या तासात कंटाळून फोन काढतात. पण ज्याने इथे थंड्या काढल्यात, ज्याला बघण्यापेक्षा बोलायचंय, त्याला मी डोळे मिटून जेरार्डला नेईन.

सकाळी मात्र जाऊ नका. जेरार्डची दुकानं उशिरा उघडतात, अकराला गेलात तर शटरं बघून याल. एक-दीडला पोचा, सोमवार टाळा. दोन्हीकडे जायचा हट्टच असेल तर आधी केन्सिंग्टन, मग ५०६ पकडून पूर्वेला. प्रवासाच्या प्रेस्टो कार्डवर दोन तासांत कितीही वेळा चढ-उतार एकाच भाड्यात होते, पूर्वीसारखी कागदी ट्रान्स्फर सांभाळायला नको. नव्या गाड्यांना चढायला पायऱ्याही नाहीत. वाटेत ॲलन गार्डन्सचं काचघर लागतं, तिथे फुकट आत जाता येतं. रस्त्याच्या कामांमुळे ५०६ चा मार्ग अधूनमधून बदलतो, तेव्हा निघण्याआधी टीटीसीच्या (शहराच्या बस-स्ट्रीटकार सेवेच्या) संकेतस्थळावर बघून घ्या, आणि ब्रॅम्प्टनच्या यजमानांना साडेसहाऐवजी साडेसात सांगून ठेवा.